परळची पशुवैद्यकशाळा आणि साळोत्र्याचें बाड

१

मुंबईंत परळ येथें जें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा इतिहास सांगण्याचे दोन प्रघात पडून गेले आहेत. पहिला प्रघात संस्थेच्या बाजूचा. त्याप्रमाणें ता. २ ऑगस्ट १८८६ रोजीं शाळा उघडली, जॉन हेन्री स्टील हे तिचे पहिले प्रमुख झाले, आणि त्या दिवसापासून या प्रांतांत पशुवैद्यकविद्येस आरंभ झाला. दुसरा प्रघात प्राचीन विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याकडील लेखकांचा. त्याप्रमाणें शालिहोत्र मुनि, पालकाप्य मुनि आणि सम्राट् अशोक यांच्यापासून ही विद्या अखंड चालत आली असून परळची शाळा म्हणजे तिच्यावर चढविलेलें एक इंग्रजी आवरण होय. पहिल्या कथनांत इतिहास एका तारखेंत आटोपतो; दुसऱ्यांत तो दोन हजार वर्षें कोठेंही न अडखळतां धांवत सुटतो. दोहोंतही साधनांची चिकित्सा झालेली दिसत नाहीं.

प्रस्तुत लेखांत ही चिकित्सा थोडक्यांत करावयाची आहे. आमचें म्हणणें असें कीं, विद्यालयाचा इतिहास त्याच्या कोनशिलेवर जितका वाचावयास मिळतो, त्याहून अधिक तो त्याच्या प्रवेशद्वाराशीं वाचावयास मिळतो. आंत कोणास घेतलें व बाहेर कोण राहिला, हें पाहिल्यावांचून विद्येचें काय झालें हें कळत नाहीं. परळच्या द्वाराबाहेर जो राहिला तो साळोत्री. आणि त्याच्या घरचें हस्तलिखित आज आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. म्हणून हा प्रश्न केवळ पशुवैद्यांचा नसून कागदपत्रांच्या संग्राहकांचाही आहे.

२

आरंभ दुसऱ्या प्रघातापासून करूं; कारण तो आपल्या घरचा आहे, आणि घरचा हिशेब आधीं तपासावा हें बरें.

अशोकानें पशूंचीं रुग्णालयें बांधलीं हें विधान इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं, त्याचा आधार पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आधार आहे तो त्याच्या चौदा शिलालेखांपैकीं दुसऱ्याचा. गिरनार येथील पाठांत राजानें मनुष्यांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा चालू केल्याचें, औषधी वनस्पती जेथें नव्हत्या तेथें त्या आणून लाविल्याचें आणि वाटेवर विहिरी खणून झाडें लाविल्याचें सांगितलें आहे. चिकित्सा या शब्दाचा अर्थ उपचार. उपचाराची सोय व रुग्णालयाची इमारत या दोन वस्तु भिन्न आहेत. लेखांत पहिली आहे. दुसरी वाचकांनीं घातलेली आहे.

आमच्या उत्तर कोंकणांतील कांहीं लेखक याहून एक पाऊल पुढें जातात व सोपाऱ्याच्या अशोकलेखाचा हवाला देतात. भिवंडीपासून सोपारें दूर नाहीं, तेव्हां हा मोह स्वाभाविक आहे. परंतु सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा आहे, आणि १९५६ सालीं मिळालेला नवव्या लेखाचा. पशुचिकित्सेचा उल्लेख असलेला दुसरा लेख सोपाऱ्यास सांपडलेला नाहीं. चौदाही लेख तेथें एके काळीं कोरलेले असावेत हें अनुमान सयुक्तिक आहे. तथापि अनुमानास शिळेची किंमत देतां येत नाहीं.

शालिहोत्राच्या बाबतींत घोटाळा निराळ्या जातीचा आहे. शालिहोत्र हें एका ऋषीचें नांव, तेंच अश्वविद्येच्या ग्रंथाचें नांव, आणि तेंच पुढें एकंदर त्या विद्येचें नांव झालें. भोजाच्या नांवावर असलेला लहानसा ग्रंथही शालिहोत्रच म्हणविला जातो. तो एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी यांनीं संपादिला व १९५३ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. फारसींत गेलेल्या ग्रंथांसही सालोतर म्हणूनच ओळखीत. यावरून उघड होतें कीं, एखाद्या बाडाच्या वेष्टनावर ‘शालिहोत्र’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे आंत प्राचीन संहिता आहे असें ठरत नाहीं. ग्रंथाची सूचि करणाऱ्यानें मंगलाचरण, अध्यायांचीं नांवें व समाप्तीचा मजकूर पाहून मगच निर्णय करावा. जयदत्ताचा अश्ववैद्यक, नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्सित, भोजाचें शालिहोत्र, आणि कोणा साळोत्र्यानें आपल्या सोयीसाठीं उतरून घेतलेलें मसाल्यांचें बाड हीं चारही एकाच नांवाखालीं एकाच कपाटांत जाऊन पडल्यास अभ्यासकाची वाट बंद होते.

मग परंपरा नव्हतीच काय? होती. पण ती ज्या ठिकाणीं शोधली जाते तेथें नव्हती. शालिहोत्र या शब्दापासून साळोत्री हा शब्द झाला. मुनीचें नांव घोड्याच्या वैद्याला मिळालें आणि तें फौजांतून, पागांतून, तबेल्यांतून चालत राहिलें. इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांतही घोड्यांवर उपचार करणाऱ्या एतद्देशीय नोकरास सालुत्री हेंच नांव होतें. म्हणजे जी परंपरा टिकली ती पेशाची. संहितांची अखंडता सिद्ध करण्याच्या भरांत आपण या पेशाकडे पाहिलेंच नाहीं, आणि दुसऱ्या प्रघातावर आमचा मुख्य आक्षेप तोच आहे.

३

आतां पहिल्या प्रघाताकडे वळूं. परळच्या शाळेस कोणी हिंदुस्थानांतील पहिली म्हणतात, कोणी सर्वांत जुनी. हीं दोन विशेषणें एक नव्हेत. लष्करी पशुवैद्यकाची शाळा पुण्यास १८६२ सालीं निघाली होती. बाबूगडास १८७७ सालीं. लाहोरचें विद्यालय १८८२ सालीं. म्हणजे परळच्या आधीं निदान तीन ठिकाणीं या विषयाचें शिक्षण चालू झालें होतें, व त्यांतील एक तर महाराष्ट्रांतच होतें. परळास ‘पहिली’ म्हणणें यास्तव टिकत नाहीं. ‘सर्वांत जुनी’ हें मात्र एका अर्थानें खरें आहे. पण तें १८८६ मध्यें खरें नव्हतें, १९४७ नंतर खरें झालें. फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें, आणि भारतांत आपल्या मूळ जागीं चालू असलेल्या विद्यालयांत परळचें नांव वर आलें. तिकडे लाहोरची हिंदुस्थानांत आलेली मंडळी १९४८ सालीं हिसार येथें बसली, व त्या विद्यालयानें लाहोरचा वारसा आपला मानला. तेव्हां वय मोजावयाचें तें जागेचें, कीं गुरुशिष्यांच्या परंपरेचें, हा प्रश्न येथें उभा राहतो. मठांच्या व गाद्यांच्या वंशावळी पाहणाऱ्या आपल्या वाचकांस तो नवा वाटणार नाहीं.

दुसरा घोटाळा रुग्णालय व शाळा यांच्या सालांचा. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय परळास १८८३ सालीं स्थापन झालें. विद्यालय १८८६ सालीं त्याच्या जोडीस आलें. दोहोंचें आवार व दोहोंचें काम परस्परांत गुंतलेलें असल्यामुळें कित्येक लेखांतून एकाचें साल दुसऱ्यास चिकटलेलें दिसतें. हा केवळ आंकड्यांचा दोष नव्हे. रुग्णालय आधीं व शाळा मागाहून, हा क्रम ध्यानांत घेतला म्हणजे शाळेचें मूळ कोणत्या मातींत होतें तें कळतें.

४

तें मूळ एक नव्हतें, तीन होतीं.

पहिलें मूळ दयाधर्माचें. १८३२ सालीं मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून मोठा दंगा झाला, व त्यांत पारशी मंडळी पुढें होती. त्यानंतर १८३४ सालीं पुढें ‘सर’ झालेले जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीशहा इत्यादि व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें भुलेश्वरास पांजरपोळ स्थापन झाला. शहरांत जनावरांस पुरेशी जागा व चारा मिळेना, तेव्हां शहराबाहेर त्याच्या शाखा निघाल्या. त्यांत भिवंडीचें नांव येतें. मुंबईच्या तबेल्यांस लागणारें गवत ठाणें जिल्ह्याच्या वरकस जमिनींतून जात असे. तेव्हां थकलेलीं जनावरें गवताकडे पाठवावीं हा व्यवहार सरळ होता. १८७४ सालीं मुंबईस जनावरांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली. पांजरपोळाचा उद्देश जीव राखणें हा. या मंडळीचा उद्देश छळ थांबविणें हा. आणि दिनशा माणेकजी पेटिट यांनीं आपल्या पत्नीच्या नांवें जें रुग्णालय उभें करविलें, त्याचा उद्देश रोग बरा करणें हा. एकाच दयेच्या या तीन पायऱ्या आहेत, व तिसऱ्या पायरीवर वैद्याची गरज उत्पन्न होते.

दुसरें मूळ लष्कराचें. फौजेचें बळ घोड्यावर होतें, आणि घोडा दूरदेशाहून आणलेला, महागाचा. शहराची स्थितीही कांहींशी तशीच होती : मुंबईच्या ट्रामगाड्या १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांनीं ओढल्या.

तिसरें मूळ बुळकांडीचें. गुरांची ही सांथ शेतकऱ्याचा गोठा कांहीं दिवसांत ओस पाडीत असे. १८६९ सालीं सरकारनें तिच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्याचे अध्यक्ष हॅलन हे पशुवैद्य होते, व त्यांचा अहवाल १८७१ सालीं निघाला. सांथ साळोत्र्याच्या हातची नव्हती, हें त्या काळच्या अनुभवानें ठरलें होतें.

दया, फौज आणि सांथ या तिन्ही गरजा परळास एकत्र आल्या. म्हणून आरंभाची तारीख सांगणें चूक नाहीं. पण ती तारीख म्हणजे संगमाची जागा आहे, उगम नव्हे.

५

आतां प्रवेशद्वाराकडे येऊं.

युरोपांत पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समधील लिऑन शहरीं १७६१ सालच्या राजाज्ञेनें निघाली व पुढील वर्षीं सुरू झाली. तिचा संस्थापक क्लोद बूर्जला हा स्वतः अश्वारोहणशाळेचा प्रमुख होता. त्याच्या विद्यार्थ्यांत नालबंदांच्या घरचीं मुलें पुष्कळ होतीं. लंडनची शाळा १७९१ ची. तेथील प्रमुख कोलमन यानें नालबंदांच्या व मोतद्दारांच्या मुलांस मोकळेपणानें प्रवेश दिला, आणि यावरून त्याच्यावर टीकाही झाली. त्या टीकेचा बरेवाईटपणा बाजूस ठेवला तरी परिणाम स्पष्ट आहे. ज्या घरांत घोड्याचें ज्ञान पिढीजात होतें, त्या घरचा मुलगा नव्या शाळेंत बसला. वडिलांकडून ऐकलेलें तपासून पाहण्याची त्यास संधि मिळाली. जें खोटें तें गळालें व जें खरें तें पुस्तकांत आलें.

आपल्याकडे काय झालें? पुण्याच्या लष्करी शाळेंत फौजेंतील साळोत्र्यांस शिकवीत. लाहोरास शिक्षण उर्दूंतून होतें, त्यामुळें पलटणींतील माणसास तेथें बसतां येत होतें. परळास मात्र शिक्षणाची भाषा इंग्रजी. तीन वर्षांचा क्रम पुरा करणारास जी. बी. व्ही. सी. ही पदवी मिळे. ती मिळविणारा तरुण इंग्रजी शाळेंतून आलेला, पुस्तकी परीक्षा उतरलेला असावयाचा. त्यानें उत्तम काम केलें यांत संशय नाहीं. मुलकी पशुवैद्यक खातें १८९१-९२ च्या सुमारास उभें राहिलें त्यास मनुष्यबळ अशाच पदवीधरांनीं पुरविलें. परंतु पागेंतील साळोत्री, पिढीजात नालबंद, म्हशींच्या तबेल्यांतील जाणता गवळी, डोंगरांत गुरें राखणारा धनगर यांच्या मुलांस ही भाषा म्हणजे उंबरठ्यावरचा अडसर झाली. कोणी त्यांस ‘येऊं नका’ म्हटलें नाहीं. म्हणण्याची गरजही नव्हती.

या ठिकाणीं एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. तो असा कीं, इंग्रजीवांचून नवें शास्त्र शिकवावयाचें कसें? मराठींत परिभाषा नव्हती, पुस्तकें नव्हतीं, शिकविणारे इंग्रज होते. हें सर्व मान्य आहे. तथापि लाहोरचें उदाहरण दाखवितें कीं, देशी भाषेंतून शिकविणें त्या काळींही अशक्य मानलें गेलें नव्हतें. परळास निराळा मार्ग निवडला गेला. तो निवडीचा प्रश्न होता, निरुपायाचा नव्हे. इतिहासकारानें निवडीस निवड म्हणावें.

द्वाराचा इतिहास पुढेंही असाच वाचतां येतो. स्त्रियांस या विद्येंत शिरण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. मद्रासच्या विद्यालयांतून १९५२ सालीं पदवी घेणाऱ्या सक्कुबाई रामचंद्रन् या भारतांतील पहिल्या स्त्री-पशुवैद्य मानल्या जातात. परळचें विद्यालय पुढें कोंकण कृषि विद्यापीठाच्या कक्षेंत आलें, व २००० सालीं नागपूरास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यापासून त्यांत समाविष्ट आहे. आज प्रवेशाचे नियम १९८४ च्या कायद्यान्वयें झालेल्या भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या देखरेखीखालीं ठरतात. अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा. प्रवेश ‘नीट’ या अखिल भारतीय परीक्षेच्या गुणांवर. शंभरांत पंधरा जागा सर्व देशासाठीं राखलेल्या. बारावीचे जे विषय पाहिले जातात त्यांत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांच्या जोडीस इंग्रजी आहेच. राखीव जागांमुळें द्वार १८८६ पेक्षां पुष्कळ रुंद झालें आहे, हें नमूद केलें पाहिजे. पण उंबरठ्यावरची ती जुनी भाषा अजून उठलेली नाहीं.

६

विद्येच्या दृष्टीनें या निवडीचा परिणाम काय झाला, तो चार सालांवरून ध्यानांत येतो.

स्टील हे नुसते अध्यापक नव्हते. त्यांनीं व फ्रेडरिक स्मिथ यांनीं १८८२ सालीं मद्रासेस पशुवैद्यकाचें एक त्रैमासिक सुरू केलें होतें. १८८५ सालीं स्टील यांचा हत्तीच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८६ सालीं परळची शाळा उघडली. त्याच सुमारास, १८८६-८७ मध्यें, कलकत्त्यास बिब्लिओथिका इंडिका या मालेंत उमेशचंद्र गुप्त यांनीं संपादिलेला जयदत्ताचा अश्ववैद्यक नकुलाच्या अश्वचिकित्सितासह छापला जात होता. आणि १८९४ सालीं पुण्यास महादेव चिमणाजी आपटे यांच्या आनंदाश्रमानें पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद प्रसिद्ध केला : महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशीं चार स्थानें असलेला, हत्तीच्या रोगांचा व शस्त्रकर्माचा प्रचंड ग्रंथ.

म्हणजे दहा वर्षांच्या आंत हत्तीवर इंग्रजींत एक पुस्तक निघालें व संस्कृतांत एक. घोड्यावर एका शहरीं शाळा निघाली व दुसऱ्या शहरीं प्राचीन ग्रंथ निघाला. दोन्ही प्रवाह शेजारून वाहिले आणि मिसळले नाहींत. संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या पंडितांपुढें व्याकरणाचे व पाठभेदांचे प्रश्न होते. परळच्या वर्गांत शरीररचनेचे व रोगजंतूंचे. या दोहोंच्या मध्यें उभा राहूं शकेल असा एकच मनुष्य होता, आणि तो साळोत्री. त्यास ग्रंथांतील शब्द हाताच्या अनुभवानें ठाऊक होता. तोच वर्गांत नव्हता.

शंभर वर्षांपूर्वींची स्थिति यापेक्षां वेगळी होती, हें विशेष आहे. १७८८ सालीं जोसेफ अर्ल्स या इंग्रजानें कलकत्त्यास ‘सालोतर’ या नांवानेंच एक अश्ववैद्यकाचें पुस्तक इंग्रजींत छापलें; तें शाहजहानच्या वेळीं संस्कृतावरून झालेल्या फारसी भाषांतराच्या आधारें होतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज गृहस्थास साळोत्र्याचें ज्ञान भाषांतर करण्याच्या योग्यतेचें वाटत होतें. एकोणिसाव्याच्या अखेरीस तें वाटेनासें झालें. मधल्या काळांत पाश्चर व कॉख यांचें शास्त्र उदयास आलें होतें. पुण्यासच १८८९ सालीं जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली व ती १८९३ सालीं मुक्तेश्वरास गेली. बुळकांडीचा अंत शेवटीं याच मार्गानें झाला. २०११ सालीं ती पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. घोड्याच्या अंगावरील भोंवरे पाहून हें काम होण्यासारखें नव्हतें. तेव्हां जुन्या विद्येचा पराभव अन्यायानें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिची परीक्षा न घेतांच तिला नापास करण्यात आलें. आणि ज्याची परीक्षा झाली नाहीं त्याचे कागद जपण्याचें कारणही कोणास उरलें नाहीं.

७

त्या कागदांत असतें काय? अश्वपरीक्षेच्या मराठी बाडांत तीन प्रकारचा मजकूर एकत्र आढळतो. एक, लक्षणें : रंग, भोंवरे, खोडी, शुभाशुभ खुणा, अबलख, कुमाईत, बोर, समंद यांचे भेद, पंचकल्याणी कोणास म्हणावें त्याचा निर्णय. दोन, उपचार : पोटदुखीचे मसाले, डाग देण्याच्या जागा, रक्त काढण्याच्या शिरा, खुराची निगा. तीन, व्यवहार : चंदी किती द्यावी, खरारा केव्हां करावा, लांबच्या मजलेनंतर पाणी कधीं पाजावें. यांपैकीं पहिल्यास आज शास्त्र म्हणतां येणार नाहीं. पण इतिहासास त्याचीच गरज अधिक आहे. पागेच्या दफ्तरांत घोड्याची नोंद रंग, वय व खुणा लिहून होत असे. त्या नोंदींतील शब्द या बाडांवांचून लागत नाहींत. शिवकालीन राजव्यवहारकोशांत चतुरंगवर्ग आहे. तेथील शब्दांस संस्कृत पर्याय मिळतात, पण शब्दामागील वस्तूचें वर्णन मिळतें तें साळोत्र्याच्या बाडांत. तंजावरास सरस्वतीमहालाच्या संग्रहांत अश्वशास्त्राचें सचित्र हस्तलिखित राहिलें व त्या संग्रहातर्फे १९५२ सालीं छापलेंही गेलें. कारण तेथें सरफोजीसारखा संग्राहक राजा होऊन गेला. महाराष्ट्रांतील पागा मोडल्या तेव्हां त्यांचीं बाडें कोणाही राजाच्या हातीं पडलीं नाहींत. तीं साळोत्र्यांच्या, शिलेदारांच्या व कारकुनांच्या घरीं राहिलीं.

या दृष्टीनें भिवंडी व तिच्या आसपासचा मुलूख विशेष तपासणीस योग्य आहे. कल्याण-भिवंडी १६५७ सालीं शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आली. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत मराठी फौजांचा राबता या भागांत होता. वज्रेश्वरीचें देऊळ त्याच मोहिमेची आठवण आहे. त्याहून मागें गेल्यास ठाण्याच्या राजास समुद्रमार्गें येणाऱ्या घोड्यांची किती हांव होती, हें मार्को पोलोनें नोंदविलें आहे : चांचे लुटींतील घोडे राजास देत व राजा त्यांकडे काणाडोळा करी. अशा मुलखांत घोड्याचा कागद केवळ ब्राह्मण-प्रभूंच्या वाड्यांत शोधून भागणार नाहीं. भिवंडीच्या कोंकणी मुसलमान घराण्यांतील फारसी व उर्दू पोथ्यांत ‘फरसनामा’ या नांवाचा ग्रंथ दिसल्यास तो आपल्या विषयाबाहेरचा म्हणून परत ठेवूं नये. सालोतर व फरसनामा हीं एकाच विद्येचीं दोन वेष्टनें आहेत. रंगीन याच्या फरसनाम्याचें इंग्रजी भाषांतर फिलट यांनीं १९११ सालीं छापलें, तें ताडून पाहिल्यास हें कोणासही कळेल.

संग्राहकांस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली : चित्रांचीं पानें सुटीं करून विकण्याचा जो प्रकार बाजारांत चालतो, त्यास आपल्या खरेदीनें उत्तेजन देऊं नये. चित्राखालील दोन ओळी आणि मागील पानावरचा मसाला यांची ताटातूट झाली कीं दोन्ही मुकीं होतात. दुसरी : बाडाबरोबर घराण्याचा पेशा लिहून ठेवावा. नालबंदाच्या घरीं मिळालेलें बाड व शास्त्र्याच्या घरीं मिळालेलें बाड यांचा मजकूर एक असला तरी पुरावा एक नसतो. समासांतील तेलकट डाग, वाढविलेलें औषध, खोडलेलें माप हीं तें बाड वापरांत होतें याचीं चिन्हें आहेत. स्वच्छ प्रतीपेक्षां त्यांची किंमत अधिक मानावी. तिसरी : शिलालेख, ताम्रपट व बखर यांच्या रांगेंत विद्यालयाच्या प्रवेशपुस्तकांसही बसवावें.

ही तिसरी विनंती कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु प्रवेशपुस्तक म्हणजे काय? विद्यार्थ्याचें नांव, बापाचें नांव, गांव, जात, आधींचें शिक्षण, अशा रकान्यांची ती एक जमाबंदीच आहे. गांवच्या झाड्यावरून आपण वतनदारांचा इतिहास लिहितों. त्याच न्यायानें प्रवेशपुस्तकावरून विद्येच्या वतनाचा इतिहास लिहितां येतो. परळास पहिल्या पन्नास वर्षांत कोणत्या जिल्ह्यांतून कोण आले, गुरें पाळणाऱ्या घरांतून किती, कारकुनी घरांतून किती, हें मोजल्यावर वर मांडलेल्या मताची कसोटी आपोआप लागेल. तें मत टिको किंवा न टिको. कसोटी मात्र स्मरणिकांनीं लागणार नाहीं. अशीं पुस्तकें सरकारी कचेऱ्यांतून मुदत संपलेला कागद म्हणून रद्दींत जातात. तीं जाण्यापूर्वीं त्यांच्या छायाप्रती घेणें आज अल्प खर्चाचें काम आहे, व तें संस्था आणि संशोधक यांनीं मिळून करावें.

सारांश, परळच्या विद्यालयाची थोरवी १८८६ या सालावर अवलंबून नाहीं, आणि शालिहोत्राची थोरवी अशोकाच्या नांवावर अवलंबून नाहीं. दोघांच्याही चाहत्यांनीं आपापल्या दैवतास जो खोटा मुलामा चढविला आहे, तो खरवडला असतां खालीं जें उरतें तें अधिक मोलाचें आहे : एकीकडे दया, फौज व सांथ यांच्या गरजेंतून उभें राहिलेलें, शंभराहून अधिक वर्षें जनावरांस उपयोगी पडलेलें विद्यालय, दुसरीकडे मोडी अक्षरांत आपलें ज्ञान टिपून ठेवणारा, द्वाराबाहेर राहिलेला साळोत्री. पहिल्याचीं प्रवेशपुस्तकें व दुसऱ्याचीं बाडें हीं एकाच इतिहासाचीं दोन अर्धुकें आहेत. एक अर्धुक फाटलें तर दुसरें वाचतां येणार नाहीं. इत्यलम्.